शेवटच्या ढोलापर्यंत

“ऐकू येत नाय,” केसरीनाथ सर फोनवर म्हणाले. “परत दे.”

धम्मदिनाने आईचा मोबाईल तोंडाजवळ धरला, छाती भरून घेतली आणि पुन्हा ओरडली, “बँऽऽड, तेज चल!” शेजारच्या खोलीतलं तान्हं पोर दचकून रडायला लागलं.

“नाय पोचत गं. बँड मेजरचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत गेला पाहिजे. ऋतिकाचा बघ कसा भरदार लागतो.” आणि सरांनी फोन ठेवला.

स्वाईन फ्लूमुळे भिवंडीतल्या शाळा बंद होत्या. मैदान बंद, मग बँडही बंद. पण केसरीनाथ सर स्वस्थ बसणाऱ्यातले नव्हते. ढोलवाल्या पोरांनी घरी पत्र्याच्या डब्यावर वाजवायचं, बासरीवाल्यांनी जागा मिळेल तिथे, आणि संध्याकाळी एकेकाने फोनवर सरांना ऐकवायचं, अशी टूम त्यांनी काढली होती. शाळा उघडली की पहिल्याच दिवशी बँड मेजर निवडायचा होता. नववीतल्या दोघी तयार होत्या. एक वळगावची ऋतिका आणि दुसरी नारपोलीची धम्मदिना.

धम्मदिनाला पाचवीत लोखंडी ट्रँगल दिला होता. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं आणि मधूनमधून टिंग करायचं. चार वर्षं तिने बँड पाहिला तो पुढच्यांच्या पाठीच. तिला एकदा सगळ्यांच्या पुढे, हातात बँड मेजरची ती उंच काठी घेऊन चालायचं होतं. दहावीच्या मुलांना बँडमध्ये घेत नसत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

“ह्या लूमच्या खडखडाटात सरांना काय डोंबल ऐकू येणार?” तिची आई चंपा म्हणाली. ती घरामागच्याच यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची.

धम्मदिनाला वाटलं, हेच बरोबर. लूमच्या वर आवाज चढला की सरांपर्यंत जाणारच. दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्याच्या एका टोकाला उभी राहून ओरडायची आणि दुसऱ्या टोकाला बसलेली चंपा मान हलवायची. नाय. अजून नाय. कारागीर हसायचे. “ए मेजरसाब, चाय पिओगे?” असं कुणीतरी चिडवायचं. पोरगी हट्टाला पेटली होती. चौथ्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. घसा पार बसला होता. ती सुताच्या पोत्यावर टेकली आणि हुंदके देऊन रडली. शाळा परवा उघडणार होती.

चंपा मशीन सोडून उठू शकत नव्हती. तिने लांबूनच पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि घराकडे बोट केलं. जा, जेव. धम्मदिनाने पोटावर हात आडवा फिरवला. भूक नाय. चंपाने पंजा उगारला. मार खाशील आता. धम्मदिनाला रडता रडता हसू आलं, आणि हसता हसता ती पोत्यावरून उठली.

दोघींच्या मध्ये चाळीस लूम धडधडत होते आणि सगळं बोलणं झालं होतं. तिने आजूबाजूला पाहिलं. धागा तुटला, लूम थांबव, चहा आला, शेट आला, सगळं हातांनीच चाललं होतं. ओरडत होती ती एकटीच.

शाळेच्या दारात बाई प्रत्येकाला विचारत होत्या, ताप आहे का, घसा दुखतोय का. धम्मदिनाने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि नुसती मान हलवली. बसलेला आवाज ऐकला असता तर बाईंनी आल्या पावली घरी धाडलं असतं. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण काठीपुढे तिचा इलाज नव्हता.

सर मैदानाच्या पार टोकाला, मोठ्या ढोलाजवळ जाऊन उभे राहिले. आधी ऋतिका. काठी तिने झोकात उचलली, पण हुकूम मास्कमध्येच अडकला. पुढचे निघाले, मधले घुटमळले, ढोलवाला कुणाल जागेवरच राहिला. सर कपाळाला आठ्या घालून कानाशी हात नेत होते.

मग धम्मदिना पुढे आली. ती बँडकडे तोंड करून उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. काठी काखेत धरून तिने पंजा वर केला. कुजबुज थांबली. बँडमधली निम्मी पोरं नारपोलीची, लूमवाल्यांच्या घरची. त्यांना हे शिकवायला लागलंच नाही आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून उचललं. तिने मूठ फिरवली, सगळ्यांचा डावा पाय एकदम पडला. बोट गोल फिरलं, रांग वळली. तळवा खाली आला तशा बासऱ्या हलक्या झाल्या. गळ्यासमोरून हात आडवा गेला आणि कुणालचा ढोल ठोक्यावर थांबला.

कुणीतरी टाळी वाजवली. सर चालत चालत पुढे आले, काठी तिच्या काखेतून काढून नीट तिच्या उजव्या हातात दिली आणि म्हणाले, “आजपासून ही तुझी.” मग पोरांना पाणी प्यायला पिटाळलं आणि तिच्याजवळ वाकले.

“घसा बसलाय ना तुझा?”

धम्मदिनाने काठी घट्ट धरली. आता काठी जाणार. तरी तिने खरं सांगितलं, मान डोलवली.

“माझ्यापायी बसलाय. तीस वर्षं ढोलाशेजारी उभा राहिलो,” सर हळूच म्हणाले. “शाळेत कुणाला बोलू नको, पण तुझा आवाज कधीच कमी नव्हता पोरी, बारीक आवाजापुरता माझाच कान गेलाय.”