दोन दिवसांचा पाहुणा

"अजून उठला नाही?" झब्दाईने अंगणातूनच विचारलं.

"उठतील," शमूनी दारातून म्हणाली. "पाय सुजलाय त्यांचा. जरा दम धरा, काका."

"मी धरतो गं. सूर्य धरेल का?"

अंगणात जमलेली दहा-बारा माणसं हसली. कफर-नूरमधली ख्रिस्ताची मंडळी एवढीच. डोंगरावरचं टीचभर गाव, पण नियमांचा तोरा अंत्युखिया शहरालाही लाजवेल असा. गेल्या वर्षी एक प्रेषित आला होता. शुभवर्तमान सांगत सांगत त्याने महिनाभर बोकडाच्या मटणावर ताव मारला आणि जाताना एका विधवेची घोंगडी घेऊन पसार झाला. तेव्हापासून मंडळीचा म्होरक्या झब्दाई याने शहरातून आणलेला नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. फिरता प्रेषित दोन दिवस राहील. निघताना वाटेपुरती भाकरी घेईल. तिसरा दिवसही राहिला, तर तो भोंदू. आणि सूर्य बुडाला की इथे नवा दिवस लागतो. आजारपणाची सवलत नियमात नव्हती. नियम करणाऱ्यांचे पाय बहुधा धडधाकट असावेत.

आत पडलेला प्रेषित, मतनाई, परवा सूर्य बुडाल्यावर लंगडत आला होता. पायात काटा मोडलेला. शमूनी तेव्हा तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी बसली होती. शूशन नऊ वर्षांची. मतनाईने आधी भाकरी खाल्ली, मग पोरीच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतून बाप्तिस्मा दिला. काल दुपारी शूशन गेली. शमूनी रडली, पण कोसळली नाही. शेवटच्या दिवशी प्रभू पोरीला उठवेल आणि ती आपल्याला 'आये' म्हणून हाक मारेल, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. दुसरं धरायला घरात कुणी उरलंच नव्हतं.

आज मतनाईची पोटरी काळीनिळी पडली होती. शमूनीने दिवसभर ती धुतली, शेकली, त्याला मसुराची पेज पाजली. बाहेर बर्फावरून येणारा वारा सुटला होता. पुढचं गाव चार कोसांवर. या पायाने तो वाटेतच संपणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"राहू द्या ना, काका," ती म्हणाली. "माणूस मरेल."

"राहू दे की. माझं काय जातंय?" झब्दाई म्हणाला. "फक्त तो भोंदू ठरेल. आणि भोंदूचा बाप्तिस्मा म्हणजे काय, शमूने? पोरीच्या डोक्यावर सांडलेलं पाणी. मग शेवटच्या दिवशी तिची वाट बघू नकोस."

या वेळी कुणी हसलं नाही. शमूनीने कुणाकडे पाहिलंही नाही. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तिने एक भाकरी मतनाईच्या झोळीत टाकली. मग त्याची वहाण उचलून सुजलेल्या पायात बसवायला लागली. तो कळवळला.

"उठा, बाबा. दिवस बुडतोय."

"बाई, उभं राहता येत नाही मला."

"मागच्या दारापासून वेस पन्नास पावलांवर आहे."

"आणि वेशीपुढे?"

तिने त्याच्या काखेत हात घातले. तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं.

"ऐका, बाई. मी प्रेषित नाहीच. अंत्युखियाला हमाल होतो, गोण्या वाहायचो. प्रेषिताला भाकरी मिळते एवढंच ऐकलं होतं. भूक लागली होती हो. बरं व्हा म्हणायला तोंड होतं, तेवढं वापरलं. तुम्ही मला भोंदू म्हणा, मारा, पण आज इथे पडू द्या."

"आणि पाणी ओतताना जे शब्द म्हणालात ते?"

"नदीवर कुणी म्हणताना ऐकले होते."

शमूनीला राग आला नाही. भीती वाटली, आणि ती इतकी मोठी होती की काल दुपारीही तिला एवढी भीती वाटली नव्हती. काल पोर मेली होती. आज ती कायमची जात होती.

"ताप चढलाय तुम्हाला," ती म्हणाली. "तापात माणूस काहीही बरळतो. तुम्ही खरे आहात."

तिने त्याला मागच्या दाराने ओढत नेलं. जैतुनाच्या झाडांमधून, दगडांवरून, सुजलेला पाय आपटत. माणूस काटक्यांच्या मोळीएवढाच भरला. वेशीचा बांध ओलांडल्यावर तिने त्याला खाली ठेवलं, तसा तो उरलासुरला जोर लावून ओरडला.

"ऐका हो! मी खो—"

तिने झोळीतली भाकरी त्याच्या तोंडात कोंबली. तिच्यावर तळहात ठेवला. तळहातावर दुसरा हात ठेवला. त्याने पाय झाडले, तिच्या दंडाला ओरबाडलं. तिने हात काढले नाहीत. तो हलायचा थांबला तेव्हा सूर्याची कड अजून डोंगरावर होती.

तिने त्याचे डोळे मिटले आणि ती घर ओलांडून पुढच्या अंगणात आली.

"गेले," ती म्हणाली. "दिवस बुडायच्या आत."

"प्रभूची स्तुती असो! खरा निघाला," झब्दाई म्हणाला. "पण मघाशी ओरडत होता. काय म्हणत होता?"

शमूनीने दंडावरचं रक्त पदराने पुसलं.

"आशीर्वाद देत होते," ती म्हणाली. "माझ्या शूशनचं नाव घेऊन."