लेकराचा तांब्या

तेलंगणातून गिरणीच्या कामाला सोलापुरात आलेल्या नरसव्वाला इथलं कुस्तीचं वेड उमजत नसे. गड्ड्याच्या यात्रेतल्या कुस्त्या जवळ आल्या की गल्लीतलं घर न् घर आपल्या पैलवानासाठी तालमीत दूध धाडी. तिनं मात्र वस्तादांना तोंडावर सांगितलं होतं, “माजी शेळी माज्या आजारी लेकराची हाय.” लेकरू गेलं, त्याला आज तिसरा दिवस. शेळीची कास तटतटली, तशी तिनं धार काढली अन् लेकराचाच तांब्या घेऊन ती थेट तालमीत शिरली. तिथं बाईमाणसानं पाऊल टाकायचं नसतं, हे तिला कुठलं ठाऊक! “अक्का, भाईर व्हा!” पैलवान ओरडला. “गप पी,” वस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. त्या धिप्पाड गड्यानं मुकाट तांब्या तोंडाला लावला. नरसव्वानं पदरानं त्याचे ओठ पुसले, तांब्यात डोकावून पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच तो रिकामा झाला होता.