छपरासाठी सामना

"पहिल्या रांगेचं तिकीट, आणि खुर्ची मात्र लंगडी," शिंपीणबाई पुटपुटल्या. "जरा पुढे झुकलं की आपणच रिंगणात."

"मग मागे रेला," शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर कापूस आणि आयोडीनची बाटली होती. "आणि कुरकुर नको. छपरासाठी चाललंय हे."

छपरासाठी, आणि मागची भिंत पाडून चर्च वाढवण्यासाठीही. रविवारी निम्मी माणसं पायऱ्यांवर उभी राहायची, आणि आतल्यांच्या डोक्यावर प्रवचनाच्या ऐन भरात गिलाव्याचे पोपडे पडायचे. केकविक्री करून झाली, जुन्या कपड्यांचा बाजार झाला. जमलं ते ताडपत्रीतच गेलं. मग फादरांना आपलं तरुणपणीचं बॉक्सिंग आठवलं. ट्रंकेतून ग्लोव्हज निघाले. समोरासमोर कोण, यावर कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

एका बाजूला ठेकेदार. नव्या बांधकामाची मजुरी तो घेणार नव्हता, त्यामुळे फादर त्याला प्रार्थनेत नाव घेऊन आठवत. माणूस डावखुरा, डाव्या हाताने थापी अशी चालवायचा की बघत राहावं. दुसऱ्या बाजूला त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, खाटीक.

खाटकाबद्दल कुणी बोलत नसे. म्हणजे बोलण्यासारखं होतं म्हणूनच बोलत नसे. त्याची बायको स्कार्फ गालापर्यंत ओढून यायची. नर्सबाईंनी विचारलं की म्हणायची, "जिन्यावरून पडले." खाटकाचं घर बैठं होतं. नर्सबाई आयोडीन लावायच्या आणि जिन्याला दोष द्यायच्या. मध्ये झग्याचं माप घेताना शिंपीणबाईंची टेप तिच्या उजव्या बरगडीला नुसती लागली, तर ती अशी आक्रसली की टेपच हातातून सुटली.

"माहेर जवळ आहे म्हणून निभावतंय बिचारीचं," असं मात्र सगळे म्हणत. रोज दुपारी ती भावाकडे जायची. तिथे वरच्या मजल्यावर आई अंथरुणाला खिळलेली. तिला भरवायची, पुसायची. एकदा त्या दाराशी खाटीक ओरडताना गल्लीने पाहिला होता. आला असणार बायकोला ओढून न्यायला! ठेकेदाराने शब्दाला शब्द न वाढवता दार लावून घेतलं, त्याचं कौतुक अजून संपलं नव्हतं.

म्हणून तिकिटं भराभर खपली. आपण छपरासाठी आलेलो नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

सभागृहातली बाकं भिंतीला सरकवून, घंटेच्या जुन्या दोराने रिंगण केलेलं होतं. खाली लाकडाचा भुसा पसरला होता, तोही खाटकाच्याच दुकानातला.

"फादर, मला नाही लढायचं," खाटीक हळूच म्हणाला. "वर्गणी दुप्पट घ्या हवी तर."

"अरे बाबा, लोकांनी तिकिटं काढलीत. थोडी करमणूक, थोडं पुण्य."

ठेकेदार दोरावरून बहिणीकडे वाकला. "आईला औषध दिलंस?"

"दिलं, दादा," ती झटकन उठून उभी राहिली.

"उद्याही ये. दार उघडंच आहे तुला."

"किती मानते बाई भावाला," नर्सबाई गहिवरल्या.

फादरांनी घंटी वाजवली.

पहिल्याच ठोशाला खाटकाचं नाक फुटलं. भुशावर लाल शिंतोडे उडाले आणि मागच्या बाकांवरून टाळ्या झाल्या. दुसरा ठोसा जबड्यावर बसला. खाटकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तसा ठेकेदार खाली वळला. डावा हात बरगड्यांखाली गेला, बाहेर आला, पुन्हा तिथेच गेला. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज येत होता.

"अख्खं जनावर खांद्यावर टाकतोस की रे! उचल हात!" मागच्या बाकांवरून खाटकाला आरोळी आली.

एकदा त्याने खरंच हात उचलला. मूठ मागे गेली. ठेकेदाराची हनुवटी उघडी होती, पहिल्या रांगेपर्यंत दिसत होती. खाटकाने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. हात खाली आला.

"भित्रा!" कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह मनापासून हसलं.

शिंपीणबाई हसल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या होत्या, खुर्ची कलली तरी त्यांना कळलं नाही.

"उजवी बरगडी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. खुर्ची."

खाटीक गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. फादर आकडे मोजू लागले. ठेकेदार थांबला नाही. तो भुशात गुडघे टेकून बसला आणि मारत राहिला, घाई न करता, रोजचं काम उरकावं तसा. एक दात दोराखालून घरंगळत नर्सबाईंच्या बुटाशी आला. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. फादरांचा मोजण्याचा आवाजही थांबला. घंटी त्यांच्या हातात होती. पण ठेकेदार दुखावला तर भिंत कोण बांधणार, हे त्या सभागृहात प्रत्येकाला कळत होतं. सगळ्यांनी आपापल्या चपला-बुटांकडे पाहिलं.

खाटकाची बायको दोर ओलांडून आत गेली.

"थांबव गं बाई," नर्सबाई पुटपुटल्या. "तुझं ऐकेल तो. तुझ्यासाठीच तर करतोय."

तिने स्कार्फ सोडला आणि घडी करून नवऱ्याच्या डोक्याखाली सारला. तिचा गाल सगळ्यांना दिसला. भावाचा डावा हात वर गेलेला होता. या वेळी ती आक्रसली नाही; त्याच्याकडे बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "रोज दुपारी मला मारतोस, तेवढ्याने भागत नाही का तुझं?"