वैजनाथरावांची आनंदवार्ता

“चला, आनंदवार्ता!” विश्वजितरावांनी टाळी वाजवली अन् वैजनाथरावांनी खिशातलं कात्रण बाहेर काढलं. आज फजिती नको होती. आज तर अजिबातच नको होती.

सिडकोतल्या त्या बागेत रोज सकाळी संस्कार प्रभात मंडळ जमायचं. हसण्याचा व्यायाम झाला, की पाळीप्रमाणं एकानं एक चांगली बातमी वाचायची. चांगली म्हणजे मंडळाला चांगली वाटेल अशी. देश, धर्म, गाय, गड-किल्ले, थोरामोठ्यांचा मान. महागाई नको, मोर्चे नकोत, पळून जाऊन केलेली लग्नं तर नकोतच नकोत. शहराचं नाव बदललं तेव्हा सहा महिने नुसती चंगळ होती. पुढं मात्र अशा बातम्यांचा दुष्काळ पडला. मोबाइलवरचं वाचायला बंदी होती. आपल्या पोह्यांना जगातला सर्वोत्तम नाश्ता ठरवल्याचं ऐकून मंडळानं एकदा पेढे वाटले होते, अन् ती बातमी धादांत खोटी निघाली होती.

छापील बातमीतही वैजनाथरावांचं नशीब फुटकंच. एका पाळीला त्यांनी गंगापूरकडच्या एकेचाळीस माणसांच्या एकत्र कुटुंबाची बातमी आणली. सगळे डोलत होते. तिसऱ्या परिच्छेदात कळलं, कोर्टात वाटणीचा निकाल लागत नाही म्हणून ते एकत्र होते! पुढच्या पाळीला अख्खी गीता पाठ असलेल्या आजी आणल्या. त्या वृद्धाश्रमातल्या निघाल्या.

आता तिसऱ्यांदा तोंडघशी पडून चालणार नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष विश्वजितराव हे होणारे व्याही होते. त्यांची तनुजा अन् वैजनाथरावांचा देवेश यांची येत्या रविवारी सुपारी फुटायची होती. देवेश जर्मनीत, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. महिन्याभरापूर्वी सुट्टीवर आला अन् तेव्हापासून मित्रांबरोबर किल्ले बघत हिंडत होता. पोरगं परदेशात राहूनही किल्ले बघतं, ही गोष्ट वैजनाथरावांची मंडळात दोनदा सांगून झाली होती.

कात्रण दमयंतीबाईंनी दिलं होतं. निघताना दारातच त्यांनी ते नवऱ्याच्या खिशात कोंबलं. “तालुक्याच्या साप्ताहिकातलं आहे. तुमच्या लोकांना आवडेल. अन् शेवटपर्यंत वाचा हो, मधेच थांबू नका.” नुसता मथळा पाहूनच वैजनाथरावांना बायकोची दृष्ट काढावीशी वाटली.

“‘परदेशी पगारावर पाणी सोडून तरुण रमला गोठ्यात!’” त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“वा!” मंडळ सरसावून बसलं.

“‘युरोपातली लठ्ठ पगाराची नोकरी सोडून एका उच्चशिक्षित तरुणानं कन्नडजवळ गोठा थाटला आहे. त्याच्याकडं अकरा देशी गाई आहेत. पहाटे उठून तो स्वतः धार काढतो, शेणघाणही स्वतःच काढतो.’”

“लई भारी!” कडुबा बाकावरून उठलेच. एसटीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ टाळ्या वाजवण्यात कायम सगळ्यांच्या पुढं. “ह्याला म्हणत्यात संस्कार!”

“‘आपली माती अन् आपली माणसं सोडून तिथं मन रमत नव्हतं, असं तो सांगतो.’”

आता विश्वजितरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “धन्य ती माउली! धन्य तो बाप! अहो, लेक द्यावी तर अशा घरात. वैजनाथराव, नाव वाचा नाव. त्या आईबापाला इथं बोलावू, शाल-श्रीफळ देऊ.”

वैजनाथरावांनी कात्रणाची घडी उलगडली. पुढच्याच ओळीत नाव होतं. देवेश. त्यापुढं वैजनाथ. त्यापुढं आडनाव, शहर, सगळं धडधडीत छापलेलं.

किल्ले कसले, गोठा! पोरानं आईला सांगितलं अन् बापाला नाही. अन् ही बाई तरी काय बिलंदर! घरात सांगितलं असतं तर आपण घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून हिनं चार लोकांच्या टाळ्यांमध्ये आपल्याला ऐकवलं. वैजनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. आपल्याच पोरासाठी होत्या त्या. पहाटे उठून गाईची धार काढणारा देवेश त्यांच्या डोळ्यांपुढं आला, अन् का कोण जाणे, ऊर भरून आला. हे पोरगं कायमचं परत आलं होतं! तीन शब्द वाचायचे, बस. शाल आपल्याच खांद्यावर पडणार होती.

अन् रविवार? लेक द्यावी तर अशा घरात, असं विश्वजितराव म्हणाले खरे. पण तीन महिन्यांपासून त्यांनी तनुजाला जर्मन भाषेचा क्लास लावला होता, तो काही गाईंशी बोलायला नव्हे.

“वाचा की हो, नाव काय पोराचं?” कडुबा म्हणाले.

वैजनाथरावांनी कात्रण घडी घालून खिशात टाकलं. “नाव... नाव छापलेलं नाही.”

पोटच्या पोराला त्यांनी भर बागेत नाकारलं होतं. त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

“अरारा!” कडुबा हळहळले. “एवढं चांगलं काम, अन् नाव नाय?”

“बरंच केलं,” विश्वजितराव डोळे पुसत म्हणाले. “बिचाऱ्या बापाला चार लोकांत तोंड दाखवायचं असतं हो!”