दाजींची आखणी

कुंचला गणपतीच्या डाव्या डोळ्याशी पोचला आणि थरथरला. रेघ पापणी सोडून गालावर उतरली. कारखान्यात बाकीच्यांचे हात थांबले. मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, डोळ्याची रेघ एकदाच. पुसून पुन्हा काढायची नाही. वाकडी गेली, की ती मूर्ती कुणाच्याच घरी जात नाही.

दाजींनी मूर्तीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसरी घेतली. तीही गेली. मग ते आपल्या उजव्या हाताकडे असे बघत बसले, जसा तो कुणी नको असलेला पाहुणा आहे आणि उठायचं नाव घेत नाही.

समोर उंदरांना रंग देणाऱ्या सगुणानं मान खाली घातली. बापाचा हात आज ना उद्या असा दगा देणार, हे अख्ख्या कारखान्यात फक्त तिला माहीत होतं. कारण ते तिनंच घडवून आणलं होतं.

सगुणाची आई गेली त्याच साली दाजींच्या छातीत पहिली कळ आली होती. पेणच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. कळ तर थांबलीच, वर उतारवयात लागलेला हाताचा कंपही गेला. दाजी गावभर सांगत सुटले, दुखणं काळजाचं आणि गुण आला हाताला! तिथून पुढे डोळे रेखायच्या त्यांच्या आखणीला तोड राहिली नाही. रोह्याची, धरमतरची माणसं यायची आणि म्हणायची, रंग कुणीही द्या, डोळे दाजींचेच पाहिजेत.

पण यंदाच्या उन्हाळ्यात दम लागू लागला. चार पावलं चालले तरी छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, ही गोळी आता तुमचा श्वास आवळतेय. तिच्याहून चांगली निघालीय, काळजाला सांभाळते आणि दम्याला छळत नाही. हात मात्र पुन्हा कापेल, त्याला इलाज नाही. दाजींनी शहाण्यासारखी मान डोलावली. नवी गोळी घरी आणून फडताळात ठेवली आणि गुपचूप जुनीच चालू ठेवली. सगुणानं पकडलं तेव्हा हसून म्हणाले, एवढा हंगाम निघू दे गो. पुढं एका दुपारी शाडू मळता मळता त्यांचे ओठ निळे पडले. हंगाम निघेल, पण बाप निघून जाईल, हे तिला तेव्हा कळलं.

दाजींचे हात सदा मातीत. पाकीट फाडायला फावायचं नाही, म्हणून गोळ्या सोलून एका बाटलीत भरलेल्या असायच्या आणि ते बाटलीच तोंडाशी उपडी करून एक गोळी जिभेवर घ्यायचे. सगुणानं बाटलीतल्या जुन्या गोळ्या काढून फडताळातल्या नव्या भरल्या. आधी निम्म्या, मग सगळ्याच. जुनी गोळी एकदम तोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि आज हात गेला.

“सगुणा, इकडं ये गो. बस माझ्या जागी.”

ती बसली. दाजी पाठीशी उभे राहिले. कुंचला टेकवताना दम धर, रेघ संपली की सोड, एवढंच सांगत राहिले. पहिल्या डोळ्याला तिला घाम फुटला. दहाव्याला हात बसला. मागून बापाचा श्वास ऐकू येत होता. त्यात शिट्टी नव्हती. तिला वाटलं, जिंकले मी.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी रोह्याचे हैबतराव, दरसालचं गिऱ्हाईक, आले. मूर्ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. डोळे तुमचे नाहीत, म्हणाले. दाजी म्हणाले, पोरीचे हायत, नेताय का ठेवताय? हैबतरावांनी मूर्तीवर रुमाल घातला आणि तुम्ही कसे आहात, ते विचारलं. दाजींनी दोन्ही हात पंच्याखाली घेतले. डॉक्टर म्हणतो, काळीज तरण्या पोराचं झालंय, असं त्यांनी सांगितलं आणि मोठ्यानं हसले.

गिऱ्हाईक गेलं. कारखाना रिकामा झाला. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या दोन मूर्ती तेवढ्या उरल्या. दाजी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, त्यांच्यासारखेच. सगुणाला राहवेना.

“बाबा, त्या बाटलीतल्या गोळ्या…”

“ठाव हाय. जुनी जिभेला कडू जहर लागायची, ही लागली नाय. पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग घेत कशाला राहिलात?”

दाजींनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो तिथंही ठरेना.

“तुला बाप पायजे होता गो. कारागीर मागितला असतास, तर नसत्या घेतल्या.”