लेकीच्या खोलीतली हवा

पांढरी डबी भिंतीवर चिकटवून तो स्टुलावरून खाली उतरला, तरी बायकोने शिवणयंत्रावरून मान वर केली नाही.

"हे कशाला आणलंत घरी?"

"डॉक्टरीणबाईंनी विचारलंय, खोलीत हवा खेळते का म्हणून. तोंडी काय सांगू? आकडाच दाखवतो."

"कचेऱ्या कमी पडल्या वाटतं तुम्हाला," ती म्हणाली आणि खोकली. खोकला लवकर थांबला नाही.

बंद काचांच्या इमारतींत असल्या डब्या लावत फिरणं हीच त्याची नोकरी होती. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचलाय ते डबी आकड्यात सांगते. रंग, फिनेल, सुगंधी फवारे यांच्या वाफा वाढल्या, तर तिच्यावरचा एक वेगळा दिवा लाल होतो. आकडा हजाराच्या वर गेला की सभेतली माणसं जांभया देऊ लागतात आणि साहेबाला वाटतं, आपलं भाषण लांबलं. कामावर सगळे त्याला हवामास्तर म्हणत. खिडक्या उघडा, वाफा सोडणाऱ्या वस्तू खोलीत ठेवू नका, हे सांगून सांगून त्याचं तोंड दुखायचं.

आणि त्याच्याच घरात लेकीच्या खोलीची खिडकी वर्षभर उघडली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

लेक चित्रं रंगवायची. तिच्या खोलीला, रजईला, केसांना, सगळ्याला रंग पातळ करायच्या टर्पेंटाईनचा वास. त्यावरून मायलेकींची रोज जुंपायची. मग एके दिवशी ती रस्त्यावरच्या अपघातात गेली आणि आईने तिच्या खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली. वास तेवढा तरी राहू दे, म्हणाली. शिवणयंत्र तिथे हलवलं, झोपायलाही तिथेच जाऊ लागली.

थंडीत तिला कडक ताप आला. ताप उतरला, खोकला मात्र मुक्कामाला राहिला आणि वाढत गेला. मनही थाऱ्यावर नव्हतं. मध्यंतरी दूध करपून त्याचा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. शेजारीण धावत वर आली, तर ही स्वयंपाकघरापासून चार पावलांवर शांतपणे बटणं लावत बसलेली. शेगडी शेजारणीनेच बंद केली. दुःखात माणसाचं असं होतं, हे तो स्वतःवरून जाणत होता.

रोज कामावर निघताना तो त्या खोलीच्या दारात थांबायचा. डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा. तापातून उठल्यापासून ती यंत्र थांबवून त्याला विचारू लागली होती,

"आहे ना अजून?"

"आहे."

"मग राहू दे बंद."

लेकीविषयी त्या दोघांत एवढंच बोलणं उरलं होतं.

डबी लावल्याच्या दुसऱ्याच सकाळी आकडा अडीच हजारांवर गेला होता. त्याने डबीला जोडलेला फोन तिच्यापुढे धरला. "बघ. असल्या खोलीत मी परक्या माणसांना बसू देत नाही."

"आणि तो दुसरा दिवा काळ्या पट्टीने का झाकलाय?"

"बिघडलाय तो."

दिवा ठणठणीत होता.

खरं तर लेकीचा वास केव्हाच गेला होता. थंडी सरता सरता एका सकाळी दारात उभं राहून त्याने श्वास घेतला, तर नुसतीच कोंदट हवा. तेवढ्यात बायकोचा प्रश्न आला, आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तेव्हापासून ती भाजी आणायला बाहेर पडली की तो लेकीच्या बाटलीतलं टर्पेंटाईन चिंधीवर ओतून ती कपाटामागे खोचायचा. बाटली संपली तेव्हा गुपचूप नवी आणली. कधी हात सैल सुटायचा आणि खोलीत भपकारा उठायचा. आता पकडला जाणार, असं त्याला वाटायचं. पण तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही.

त्या वाफा दुखऱ्या छातीचं काय करतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण लेक एकदा गेली होती. ती दुसऱ्यांदा गेली, हे तिच्या आईला सांगायचं कोणी?

त्या रविवारी चहा पिताना तिला अशी उबळ आली की ओठ निळे पडले. त्याने तिला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसवलं, पाठ चोळली, घोट घोट पाणी पाजलं. श्वास जरा सुरळीत झाल्यावर तो उठला आणि लेकीच्या खोलीत गेला. डबीवरची पट्टी ओढून काढली. खाली लालभडक दिवा. एक गेली, आता दुसरीलाही घालवतोस का, त्याने स्वतःला विचारलं.

त्याने कपाटामागची चिंधी उपसली. खिडकीची कडी गंजून बसली होती. तळहाताने ठोकून ठोकून त्याने ती उघडली. गार वारा आत आला आणि भिंतीशी टेकवलेली चित्रं थरथरली. त्याला रडू फुटलं.

"काय केलंत हे?" ती दारात उभी होती.

"वास नाहीये गं. केव्हाच गेलाय." त्याने चिंधी पुढे केली. "हे मी ठेवत होतो. रोज तुझ्याशी खोटं बोललो. तुला सोसवणार नाही, असं वाटलं."

ती आता आकांत करेल म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. तिने जवळ येऊन त्याच्या हातातली चिंधी घेतली, नाकाला लावली, जरा वेळ तशीच धरली आणि परत दिली.

"मला त्या तापापासून कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येतो म्हणालात, म्हणून बंद ठेवली होती."