बिनधुराची डबी

राहात्याच्या दवाखान्यात रंगुबाई ताठ मानेनं म्हणाली, "ह्यांची बिडी मीच सोडवली, म्याडम. आता घरात धूर म्हनून न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याची छाती तपासून समाधानानं मान डोलावली. मग त्याला तोंड उघडायला लावलं. गालात आतून पांढरा चट्टा होता.

"बाबा, तंबाखू खाता?"

"छ्या! तलफ आली की हिच्या डबीतली मिश्री लावतो. तिला धूर नसतो, हीच म्हनली."

"मिश्री तंबाखू भाजूनच करतात ना, बाबा?"

रंगुबाईनं कमरेच्या पिशवीतली डबी काढून टेबलावर आपटली.

"ही बी सोडवते," ती म्हणाली आणि नवऱ्याला स्टुलावरून उठवून, तिथं बसून तिनं स्वतःचं तोंड उघडलं.